माझ्या वॉशिंग मशीनला मी ओळखत नाही

आमची गाडी शेवटची बंद पडली ती दफनभूमीच्या चढावर. याआधीही ती पुष्कळदा पडली होती, पण एक ‘नमो मारिया’ म्हणून किल्ली फिरवली की खोकत का होईना, चालू व्हायची. या वेळी अख्खी जपमाळ झाली तरी हूं नाही की चूं नाही. माझा नवरा किन बॉनेट उघडून आत बघत उभा राहिला. त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण बॉनेट उघडल्याशिवाय पुरुषमाणसाला दुःख करता येत नाही.

“गेली,” तो म्हणाला.

“जागा तरी बरी निवडली,” मी म्हटलं.

हसले खरी, पण गाडीशिवाय माझं चालण्यासारखं नव्हतं. मी आमच्या बेटावरच्या इनालाहान गावची टेत्सा आहे. कुणाच्या घरी माणूस गेलं की टेत्सानं नऊ संध्याकाळी त्या घरी जाऊन जपमाळ चालवायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची. बावीस वर्षांपूर्वी माझा धाकटा तापातून उठला, तेव्हा मी संत जोसेफला शब्द दिला, की कुठल्याही घरचं बोलावणं आलं तरी नाही म्हणणार नाही; मग ते घर डोंगरापलीकडे असो, नाहीतर त्यांचं-आमचं बोलणं बंद असो. शब्द देताना गाडी नवी होती.

देवाच्या कृपेनं अमेरिकन तळावरच्या एका नौदलवाल्याची बदली झाली होती आणि त्याची बायको गाडी विकत होती. चांगली टोयोटा, पांढरी. नऊशे डॉलर आधी आणि बाकीचे गाडी नेताना, असं ठरलं. “शनिवारपर्यंत थांबते,” ती म्हणाली. “रविवारी आमचं विमान आहे.” नऊशे माझ्याकडे होते, बायबलमागच्या डब्यात. बाकीच्यासाठी मी सोमवारी पतपेढीत गेले.

पतपेढीत खिडकीपाशी मार्लीन बसते. माझ्या चुलतबहिणीची नात. तिनं संगणकात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा संगणकात.

“आंटी, बसा ना.”

“बसलेय की.”

“नीट टेकून बसा.”

मग तिनं सांगितलं. माझी पत चारशे अठ्ठ्याण्णव. “शंभरपैकी?” मी विचारलं. मार्लीनला खोकला आला. साडेआठशेपैकी म्हणे, आणि चारशे अठ्ठ्याण्णव म्हणजे गाडी सोडा, गाडीचं चाकसुद्धा मिळायचं नाही. माझ्या नावावर चार डाग होते. एक होडीचं इंजिन, हप्ते थकलेले. एक सोफासेट, हप्ते थकलेले. कोंबड्यांच्या खाद्याची उधारी, तीही थकलेली. आणि एक वॉशिंग मशीन, यंदाच्या वादळानंतर तीन हप्ते उशिरा भरलेले.

“मशीन माझं,” मी म्हटलं. “बाकीच्यातलं काही माझं नाही.”

“चूक असेल तर तक्रार करता येते, आंटी. पैसे पडत नाहीत. आपणच पत्र लिहायचं, ओळखपत्राची प्रत जोडायची. पण हे कुणाचं आहे, आपल्या नावावर का आलं, काहीतरी सांगावं लागतं. नुसतं ‘माझं नाही’ सगळेच लिहितात.”

कुणाचं ते मला कसं माहीत असणार? बसनं घरी येताना मी खूप विचार केला आणि एकाच माणसावर संशय घेता आला.

“किन, तू होडीचं इंजिन घेतलंस?”

“होडी कुठाय?”

“तेच विचारतेय.”

“एपा, मला गुडघाभर पाण्यात चक्कर येते. तुझ्या भाच्याच्या बाप्तिस्म्यालासुद्धा मी मागे उभा होतो.” मग त्यानं माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. “सोफा कुठं ठेवलायस?”

“कुठला सोफा?”

“तेच विचारतोय.”

चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच आम्ही एकमेकांची खोली तपासली. त्याच्या कपाटात तीन रिकामे बिअरचे डबे आणि मला न सांगता घेतलेली टोपी सापडली. माझ्याकडे त्याला काही सापडलं नाही, म्हणून तो जास्तच नाराज झाला.

बातमी गावभर व्हायला एक संध्याकाळ लागली. मंगळवारी सकाळी लांडो दारात हजर. किनच्या मावसभावाचा हा मुलगा दहा वर्षं लास व्हेगासला होता आणि महिन्यापूर्वी एक चकचकीत गाडी भाड्यानं घेऊन परतला होता. आमच्याकडच्या उन्हात काळा कोट घालतो. पण मुलगा वळणाचा. आल्याबरोबर रीतीप्रमाणे वाकून माझ्या हाताला नाक लावलं, किनच्या हाताला लावलं, आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोलाही लावायला निघाला होता.

“आंटी, मी ऐकलं. वाईट वाटलं. पण मी तेच काम करतो. पत दुरुस्त करतो.”

“ती पण दुरुस्त होते?” किन म्हणाला. “गाडीचं काही करतोस का?”

“चार डाग ना? चारही घालवतो. नऊशे डॉलर. आधी द्यावे लागतात.”

मी बायबलमागच्या डब्याकडे पाहिलं नाही. पण न पाहण्याचा प्रयत्न केला की माणूस जास्तच दिसतो.

“ते दिले तर गाडीला काय देऊ?”

“त्या बाईला मी पटवतो. पत सुधारली की ती आधीचे पैसे मागणारच नाही. तळावरची माणसं आकड्यावर विश्वास ठेवतात, आंटी.” त्यानं कोटाच्या खिशातून कागद काढला. “फक्त इथं सही.”

मी चष्मा लावून वाचलं. पत्रात माझ्या नावानं लिहिलं होतं, की खालील चारही गोष्टींशी माझा कधीही, कसलाही संबंध आलेला नाही. इंजिन, सोफा, खाद्य, वॉशिंग मशीन.

“लांडो, मशीन माझं आहे.”

“माहीत आहे, आंटी.”

“मग इथं लिहिलंय की मी त्याला ओळखत नाही.”

“हे लिहायचं असतं. सगळंच नाकारायचं. त्यांना तीस दिवसांत सिद्ध करावं लागतं. बहुतेक वेळा कंटाळा करतात, आणि डाग जातो.”

नेमकं तेव्हाच मागच्या स्वयंपाकघरात मशीन पिळायच्या फेरीला लागलं. त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे पिळताना ते जागेवरून सरकतं आणि भिंतीवर धडका मारतं. धाड, धाड, धाड. आम्ही तिघांनीही तिकडे मान वळवली.

“ते ऐकतंय,” किन म्हणाला.

“अंकल, मशीन आहे ते.”

“तिला ते लेकरासारखं आहे. तिनंच घेतलं, तिनंच फेडलं. आता म्हणायचं, कोण तू?”

मी पेन हातात घेतलं होतं, हे कबूल करते. नऊ संध्याकाळी, डोंगरापलीकडची घरं आणि माझे गुडघे, हे सगळं डोळ्यांपुढे आलं होतं. पेन कागदाला टेकणार, इतक्यात बाहेर कुंपणावर कोंबडा आरवला. माझा हात तिथंच थांबला. संत पेत्रानं शेकोटीशी बसून प्रभूची ओळख नाकारली आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट मी दर वर्षी दुःखाच्या आठवड्यात डोळे पुसत वाचते.

“आंटी, कोंबडा दिवसभरच आरवतो,” लांडो म्हणाला.

“पेत्रालाही असंच वाटलं असेल,” मी म्हटलं. “उद्या सांगते.”

त्या रात्री जपाआधी मी संत जोसेफपुढे मेणबत्ती लावली आणि विचारलं. पण शास्त्रात संत जोसेफ एक शब्दही बोललेला नाही, त्यामुळे त्याच्याकडून उत्तर यायला वेळ लागतो. त्याऐवजी बुधवारी दुपारी निरोप आला, की कोंबडेवाल्यांचा टुन टोन गेला.

आमच्या गावात नावं सांगून उपयोग नसतो. गावाचा संत जोसेफ, त्यामुळे डोळे मिटून हात लांब केला तर बोट जोसेफालाच लागायचं; आडनावंही मोजकीच. म्हणून माणूस ओळखायचं ते घराण्यावरून आणि टोपणनावावरून. आम्ही मीठवाले, कारण सासऱ्यांचे आजोबा समुद्राचं पाणी आटवून मीठ करायचे. ते कोंबडेवाले, कारण त्यांच्याकडे झुंजीचे कोंबडे. त्यांचा एक कोंबडा एकदा आमच्या मिठात मरून पडला. कोंबडेवाले म्हणाले मिठानं मेला, मीठवाले म्हणाले मीठ नासलं, आणि तेव्हापासून तीन पिढ्या बोलणं बंद. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही टुन म्हणतो आणि बाईला तान; या टुन टोनची बायको बिबांग माझ्याच वयाची. चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. चाळीस वर्षं मी तिची पाठ बघतेय, पण तिच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता.

शब्द तो शब्द. पण त्यांचं घर दरीच्या पलीकडे, आणि आमची गाडी दफनभूमीच्या चढावर.

“मी सोडतो ना,” लांडो म्हणाला. तो कुठून उगवला देव जाणे.

तेव्हा त्याच्या थंडगार गाडीत बसून, किनला मागे घालून, मी निघाले. लांडो वाटभर गोड बोलत होता. शनिवार तीन दिवसांवर आलाय, आंटी. लोकांना तुमची गरज आहे, आंटी. एका मशीनसाठी घराघरची दुःखं वाऱ्यावर सोडणार का? शेवटी शेवटी मला पटायला लागलं. खरं सांगते, निघताना नऊशे डॉलर मी प्रार्थनेच्या पुस्तकात घातले होते. प्रार्थना झाली की सही करायची, आणि शनिवारी फादरकडे कबुलीला जायचं. पाप करायच्या आधीच कबुलीची वेळ ठरवून ठेवलेली मी.

कोंबडेवाल्यांचं घर भरलेलं होतं. मला मानानं समोर बसवलं, नव्या कोऱ्या सोफ्यावर. त्यावरचं प्लास्टिकही अजून काढलेलं नव्हतं. बसताना त्यानं मोठा आवाज केला, आणि पहिल्याच ओळीतल्या दोन पोरी हसू दाबायला लागल्या. बिबांग कोपऱ्यात काळ्या कपड्यांत बसली होती. तिची पाठच ओळखीची असल्यामुळे चेहरा बघून मला क्षणभर परका वाटला.

जपमाळ छान झाली. कोंबडेवाले मोठ्यानं म्हणतात. शेवटी ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांची कागदावरची खरी नावं वाचून त्यांच्यासाठी मागणं मागायचं असतं. त्यांच्या नातीनं माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी चष्मा सारखा केला आणि वाचलं:

“अंतोनियो मेनो याच्या आत्म्यासाठी, आणि त्याची शोकाकुल पत्नी, जोसेफा टी. मेनो हिच्यासाठी…”

लोक मागून म्हणायला लागले आणि मध्येच थांबले. कारण मी थांबले होते. जोसेफा टी. मेनो मी आहे. माझ्या ओळखपत्रावर हेच आहे, पतपेढीत हेच आहे. गावात मला एपा मीठवाली म्हणतात, पण सरकारदरबारी मी जोसेफा टी. मेनो, आणि आत्ता मी साऱ्या गावादेखत टुन टोनची विधवा झाले होते.

मागच्या दारातून किनचा आवाज आला, “एपा, मी इथंच आहे.”

आणि मग जरा घाबरून, “आहे ना?”

आता कुणालाच हसू आवरेना. खुद्द बिबांगनं तोंडाला पदर धरावा तसा रुमाल धरला, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्यानं की कशानं, हे तिला एकटीला माहीत. मी कसंबसं मागणं पुरं केलं. पण डोकं थाऱ्यावर नव्हतं. खिडकीबाहेर कोंबड्यांचे पिंजरे दिसत होते. खाद्याच्या गोण्या दिसत होत्या. भिंतीला टेकून, जुन्या चादरीत गुंडाळलेलं होडीचं इंजिन दिसत होतं. आणि प्लास्टिक कुरकुरलं, तेव्हा कळलं की मी माझ्याच डागावर बसलेली आहे.

जेवण वाढलं. दुःखाच्या घरी पैशाची गोष्ट काढायची नसते. निदान नऊ संध्याकाळी तरी नाही. नववी संध्याकाळ पुढच्या गुरुवारी, शनिवार तीन दिवसांवर. मी लाल भात चिवडत बसले आणि जीभ दातांमध्ये धरून ठेवली. तेवढ्यात ताट घेऊन बिबांगच माझ्या शेजारी येऊन टेकली. कुरकुर.

“तूही जोसेफा?” ती म्हणाली.

“गावात कोण नाही?”

“टी कशाचा?”

“माहेर ताइतागुए. तुझा?”

“ताइमांगलो.” तिनं भातावर चटणी घातली. “जन्मसाल?”

मी सांगितलं. तिचंही तेच निघालं. पोस्टही तेच. थोडा वेळ दोघी जेवत राहिलो. मग ती हळूच म्हणाली, “टोनला होडीला इंजिन हवं होतं. मी म्हटलं, आपल्याला कोण देतंय? तर दुकानातला मुलगा म्हणाला, तान, तुमची पत बावनकशी आहे, चाळीस वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. मला वाटलं पोराला ऊन लागलंय. टोन आठवडाभर मला ‘बावनकशी’ म्हणून हाक मारत होता.” ती थांबली. “चाळीस वर्षं माझा एकही हप्ता वेळेवर गेलेला नाही, एपा.”

मी ताट बाजूला ठेवलं.

“पूर्ण मोसम फिरला तो त्या इंजिनावर. मग आजारी पडला. पत्रं यायला लागली, ती मी मेरीमातेच्या मूर्तीखाली ठेवत गेले. मूर्ती आता तिरकी झालीय.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “ती बावनकशी तुझी होती ना?”

“असेल,” मी म्हटलं. “आणि तुझ्या पत्रांतले डाग माझ्या नावावर आलेत.”

मला राग यायला हवा होता. मी मनात शोधलासुद्धा. पण माझ्या चाळीस वर्षांच्या वेळेवर भरलेल्या हप्त्यांनी एका माणसाला शेवटचा मोसम समुद्रावर फिरवून आणलं होतं, आणि त्यावर रागावणं काही केल्या जमेना.

लांडो कान टवकारून उभाच होता. “आंटी! हे तर फारच सोपं झालं. दोघींचं काम, मिळून पंधराशे. सवलतीत.”

मी प्रार्थनेचं पुस्तक मांडीवर घट्ट धरलं. “लांडो, तू लिहिलेल्या पत्रात खरं काय होतं?”

त्यानं विचार केला. “तारीख.”

“मग त्याचे नऊशे जास्त होतात, बाळा.”

“पण आंटी, पत्र लिहायला माहिती लागते, भाषा लागते—”

“तुला आहे ना?” बिबांग म्हणाली. आवाज मऊ होता, पण ती तीनशे कोंबडे सांभाळलेली बाई. “दुःखाच्या घरी आलायस. बाकीची पोरं खुर्च्या लावतायत, भांडी घासतायत. तू काय करतोयस?”

स्वयंपाकघरातून सात-आठ आत्या-मावश्या दारात येऊन उभ्या राहिल्या. लांडोची स्वतःची आई त्यात होती, हातात झारा घेऊन. त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा झाऱ्याकडे. मग कोट काढला, लॅपटॉप उघडला आणि टेबलाशी बसला. कोटाशिवाय तो बराच लहान दिसत होता.

लिहितो मात्र छान. एक पत्र माझ्या नावानं, एक बिबांगच्या. आम्ही दोन वेगळ्या बायका आहोत. हिचं माहेर हे, तिचं ते. इंजिन, सोफा आणि खाद्य बिबांगचं. सोबत ओळखपत्रं.

“आता लिही,” मी म्हटलं, “वॉशिंग मशीन माझं आहे. वादळानंतर तीन हप्ते उशिरा भरले, ते खरं आहे. मशीन चांगलं चाललंय.”

“आंटी, चांगलं चाललंय का, हे कुणी विचारलेलं नाही.”

“असू दे. बिचाऱ्यांना बरं वाटेल.”

त्याला मजुरी म्हणून दोन ताटं बांधून दिली. दुसरं ताट त्यानं स्वतःच मागून घेतलं होतं.

शुक्रवारी मार्लीननं पत्रं पाहिली आणि खुर्चीतून उठून उभी राहिली. “हे चालेल, आंटी! पण उत्तर यायला महिना लागेल.” म्हणजे टोयोटा गेलीच. शनिवारी ती एका शिक्षकानं नेली. मी त्या बाईला प्रवासासाठी केळ्याची भजी करून पाठवली आणि घरी येऊन थोडी रडले. व्रताला गाडी लागत नाही, पण व्रत करणारीला गुडघे असतात.

संध्याकाळी अंगणात भोंगा वाजला. टुन टोनचा जुना ट्रक, आणि चाकामागे बिबांगची नात.

“आजीनं सांगितलंय, महिनाभर वापरा. नाहीतर आमच्याकडे जपमाळेला कशा येणार?”

ट्रकच्या मागे पिंजरा होता आणि पिंजऱ्यावर एक लाल कोंबडा बसला होता.

“हा उतरत नाही,” पोरगी म्हणाली. “टोन आजोबांच्या शेजारी बसून फिरायची सवय आहे त्याला.”

महिन्यानं उत्तर आलं. तीन डाग गेले, एक राहिला. “मशीन राहिलं, आंटी,” मार्लीन हळहळली. मी म्हटलं, राहू दे, ते माझंच आहे. तेवढ्या आकड्यावर टोयोटा मिळाली नसती, पण टुन टोनचा जुना ट्रक विकत घेता आला. पतपेढीनं बिबांगला पैसे दिले आणि तिनं त्याच दिवशी इंजिनाचे हप्ते चुकते केले. खाद्यवाल्याला अजून द्यायचेत. आता ती तिच्या स्वतःच्या आकड्यावर आहे, आणि ती पत बघून मार्लीननं तिलाही टेकून बसायला सांगितलं.

कोंबडा व्यवहारात नव्हता, तरी आला. मी जाईन त्या घरी तो ट्रकवर बसून असतो. सहसा गप्प असतो, पण दर शुक्रवारी जपमाळेतली दुःखाची रहस्यं म्हणायला लागले की बाहेरून बांग देतो. लोकांना वाटतं मी शिकवलंय. परवा लांडो मागच्या रांगेत होता. कोंबडा आरवला तसा तो दचकला आणि त्याचं ताट कलंडलं.

“दिवसभरच आरवतो रे तो,” किन त्याला म्हणाला.